धार तुटली काय?

गिरणीची जागा विकली आणि नातवाने आतलं लोखंड बाहेर काढायला घेतलं. मी सावलीत खुर्चीवर बसले होते. म्हणजे मला बसवलं होतं. म्हाताऱ्या माणसाने कुठे बसायचं तेही दुसरेच ठरवतात. आधी पट्टे निघाले, मग चाकं, मग धान भरडायचं यंत्र. सगळ्यात शेवटी तेलकट चिंधीत बांधलेली अंगठ्याएवढी पितळी तोटी निघाली.

“आजी, ये पितल आहे. अलग ठेवू का भंगारात टाकू?” नातू म्हणाला. गोंदियात वाढलेला मुलगा. त्याच्या एका वाक्यात दोन भाषा सुखाने नांदतात.

मी नुसता हात पुढे केला. तोटीच्या आट्यांत अजून लाल लाख होती, दगडासारखी वाळलेली. नखाने खरवडली तर नखच तुटलं. लाख माझ्या हातची होती, ती अशी सहजी निघणार नव्हती. तोटी मुठीत धरून बसले. थोड्या वेळाने मूठ तापली आणि तोटीला वास यायला लागला. पितळेचा, जुन्या तेलाचा, आणि अगदी तळाशी लाखेचा. पेट्रोलचा वास तर केव्हाच उडून गेला असणार, पण मला तोही आला. डोळे आणि कान माझे म्हातारे झालेत, नाक मात्र अजून त्या मांडवातच आहे.

आमचं गाव कामठ्याच्या अलीकडे. घर मालगुजाराचं, गावच्या जमीनदाराचं, म्हणजे माणसं पुष्कळ आणि एकांत नाही. नवरा-बायकोने दिवसा एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत. पाण्याचा तांब्यासुद्धा मधल्या कुणाच्या हातून जायचा. लग्न ठरवताना माझ्या माहेरी सांगितलं होतं, मुलगा नागपूरला मोटारींचं काम शिकून आला आहे. विमान बांधतो आहे हे कुणी सांगितलं नाही. सोयरिकीत मुलाची खोड लपवतात, तसं ते लपवलं. मी उंबरठ्यावरचं माप लवंडून आत आले आणि आठवड्याभरात मला कळलं की खळ्याशेजारच्या तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या मांडवात माझी एक सवत राहते. तिला दोन पंख होते आणि गावातले लोक तिला चिलगाडी म्हणत.

त्यांचं नाव मी आजही घेत नाही. ‘हे’ म्हणजे तेच, घरात ज्यांना सगळे बापू म्हणत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि सासऱ्यांना मामाजी. हे त्यांचं एकुलतं एक लेकरू.

मांडवात सागाच्या पट्ट्या होत्या, बांबूच्या कामट्या होत्या, एका मोडलेल्या मोटारीचं इंजिन होतं. एका परदेशी मासिकातून उतरवलेला नकाशा भिंतीला टोचलेला होता आणि त्याच्याखाली कोंबडी बसत असे. पंखांना कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड ताणून लावलेलं, त्यावर चिंचोक्याची खळ. पावसाळ्यात त्या खळीला उंदीर लागले आणि उजवा पंख एका रात्रीत कातरून गेले. हे दोन दिवस जेवले नाहीत. मी विचारलं नाही, कारण विचारायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी मी सुईदोरा घेऊन मांडवात गेले आणि पंखाला ठिगळ लावायला बसले. आत्याबाईंनी पाहिलं आणि गोठ्याकडे गेल्या. फाटलेलं शिवायला कुणाचीच ना नसते.

त्यानंतर पेट्रोल गाळायचं काम निघालं. पेट्रोल गाळायला दोन हात कमी पडतात. एकाने डबा धरायचा, दुसऱ्याने कापड ताणून धरायचं. पेट्रोलमध्ये पाण्याचा थेंब, गवताची काडी, गंजाचा कण राहिला तर नळी चोंदते आणि नळी चोंदली की विमान खाली. म्हणून एकाच डब्यातलं पेट्रोल आम्ही पुनःपुन्हा गाळत असू. खरं सांगायचं तर एकदा गाळून भागलं असतं. पण कापडाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला हे, मधोमध तो थंड, गोड, डोक्यात चढणारा वास, आणि बोलायला कुणाची हरकत नाही. लोकांचे संसार चुलीपाशी सुरू होतात, आमचा पेट्रोलच्या डब्यापाशी झाला. हातांना तो वास असा लागे की भाकरीलाही यायचा, आणि मामाजी ताटावरून म्हणायचे, “सूनबाईच्या हातची भाकर खाल्ली का मी बी उडतो वाटते.”

हे मला सगळं सांगायचे. माळावरून सारस उडतो तो आधी कसा धावतो, मान लांब करून, दहा-पंधरा ढांगा. आणि धावताना त्याची छाती वर असते. दोघं सारस बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या पाण्यात उभे असायचे आणि हे बांधावर उकिडवे बसून त्यांच्याकडे पाहात. मला पाखराचं कौतुक नव्हतं. मी पाहणाऱ्याकडे पाहायची.

एका सकाळी आत्याबाई गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन आल्या आणि मांडवाच्या तोंडाशी थांबल्या. मांडवात त्या सहसा येत नसत.

“बापू, तुही चिलगाडी वरते गेल्यावर तिले पेट्रोल कोन पाजते?”

“कोनी नाही पाजत, माय. टाकी वर आहे, इंजिन खाली आहे. आपल्या वजनानं उतरते.”

“अन् नाही उतरलं त?”

यांनी नळीवरून बोट फिरवलं.

“बैल अडला त रस्त्यावर उभा राह्यते,” आत्याबाई म्हणाल्या. “हे कुठी उभी राहीन?”

तेव्हा यांनी उगाच मोठा शब्द दिला नाही. म्हणाले, “तू म्हनशीन तशी परीक्षा घे.”

आत्याबाईंना कारखान्याची भाषा येत नव्हती, पण धार म्हणजे काय ते ठाऊक होतं. उभा जन्म त्यांनी गाईम्हशींच्या धारा काढल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मह्यासमोर धार सोड. टाकी रिकामी होईपर्यंत मी बसतो. मधात तुटली त मी हो म्हननार नाही. नाही तुटली त मी तोंडानं म्हनीन, जाऊन ये.”

आमच्याकडे घराबाहेर पडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि आतून ‘जाऊन ये’ आल्याशिवाय पाय बाहेर टाकत नाही. बाजाराला निघालेला माणूससुद्धा त्या दोन शब्दांसाठी ओट्यावर खोळंबतो. यांनी मला नंतर कापड पिळता पिळता सांगितलं, “मायनं नाही म्हटलं त मी नाही उडनार. इंजिन असो की नसो.” म्हणजे सगळं येऊन त्या धारेवर टांगलं.

दिवाळी झाली. धान कापून खळ्यावर आलं होतं, हवेत तणशीचा कोरडा, गोडसर वास होता. यांनी टाकी भरली, इंजिनाकडची नळी सोडवली आणि तिच्या तोंडाखाली रिकामा पिपा ठेवला. आत्याबाई पाटावर बसल्या. मामाजी बाजेवर. मी खांबाआड. यांनी तोटी फिरवली.

धार आली. बारीक, सरळ, काचेसारखी. आधी पत्र्यावर ताडताड वाजली, मग पिपा भरत गेला तसा आवाज जाड होत गेला. चरवीत दूध वाढत जातं तेव्हा असाच आवाज बदलतो. आत्याबाईंची मानसुद्धा हलली नाही. टाकी तळाला लागली, धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. मध्ये कुठे तुटली नव्हती.

आत्याबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठायला घेतलं. तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, “थांब माय. हे खरं नाही.”

“काऊन?”

“आता विमान सपाट उभं आहे. वर चढतानी त्याचं नाक वर राहीन, शेपूट खाली. तशात धार आली तरच खरी.”

मला त्यांचा असा राग आला. हातातोंडाशी आलेला घास, आणि हा माणूस तो स्वतःच्या हाताने खाली ठेवतो. आत्याबाईंना काय कळणार होतं? पण तेच तर होतं. त्यांना कळणार नव्हतं म्हणूनच यांनी सांगितलं. आज वाटतं, त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्याशी पुन्हा लग्न केलं असतं.

यांनी मांडवात खड्डा खणला. मालगुजाराचा मुलगा अंगरखा काढून कुदळ मारतो म्हटल्यावर गाव पाहायला आलं. विमानाची शेपटी त्या खड्ड्यात उतरवली तसं त्याचं नाक छपराकडे झालं. गावातली एक म्हातारी म्हणाली, “मालगुजाराची गाडी आहे, नाक वरतेच राहीन.” पुन्हा टाकी भरली, पुन्हा आत्याबाई बसल्या. धार आली, वाजली, आणि पिपा अर्धा व्हायच्या आत तुटली. पुन्हा थोडी आली, पुन्हा तुटली. यांनी टाकीवर बोटाने ठोकलं. आत पेट्रोल होतं. मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं, आणि नळी पुढच्या कोपऱ्यात.

“तुटली,” आत्याबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मामाजींनी बाजेवरून हवा हलकी करायचा प्रयत्न केला. आम्ही पोवार. आमचे मूळपुरुष माळव्यातून, धारनगरीकडून आले असं घरात सांगत. मामाजी म्हणाले, “अरे, आपली पोवारायची धार त मालव्यातच सुटली. तुह्या टाकीची का गोष्ट आहे.” कुणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं होतं, ते मी पदरात दाबलं.

टाकी उतरवून हे बैलगाडीने गोंदियाला गेले आणि पत्र्याच्या कारागिराकडून नळीचं भोक मागच्या बाजूला करून घेऊन आले. आता प्रत्येक सांधा नव्याने बसवायचा होता आणि तिथे माझी लाख कामाला आली. दरेकशाच्या डोंगराकडून पळसाच्या फांद्यांवरची लाख आठवडी बाजारात येत असे. माझ्या माहेरी लाखेच्या बांगड्या करणारी बाई येऊन बसायची, तिच्याकडून मला लाख तापवायची सवय लागली होती. दिव्यावर कांडी धरायची, मऊ झाली की आट्यांवर फिरवायची, थंड व्हायच्या आत पेच आवळायचा. पेट्रोल लाखेला काही करत नाही हे यांनी वाटीत दोन दिवस बुडवून पाहिलं होतं. मग मी लाख लावायची आणि हे पेच आवळायचे. माझी बोटं भाजायची, लाल व्हायची. एकदा यांनी माझा हात धरून बोटांवर फुंकर घातली. भर दुपारी. कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर सांगायला बाजू होती की लाख गार करत होते.

पंखांना आता मजबुतीसाठी दुहेरी कापड चढलं होतं. दिवस लहान झाले होते. सकाळी बांधीवर धुकं बसायचं आणि त्यातून सारसांची हाक यायची, आधी एकाची, मग दुसऱ्याची. हे म्हणायचे, जमीन वाळली की संक्रांतीनंतर माळावरून उडायचं. मी हो हो म्हणायची. मला त्यांचं उडणं हवं होतं की नको होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मला पेट्रोल गाळणं हवं होतं. विमान उडालं की मांडव रिकामा होणार, मी पुन्हा चुलीपाशी आणि हे पुन्हा ओट्यावर, हे मला दिसत होतं. पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं की मीही देवाला म्हणायची, धार तुटू देऊ नको.

तोवर इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू झाली होती. लढाई आमच्यासाठी फार लांब होती, पण पेट्रोल जवळ होतं, ते चिठ्ठीवर मिळू लागलं. परीक्षेचं पेट्रोल पुन्हा पुन्हा वापरून आटत चाललं. हवेत उडतं, जमिनीवर सांडतं, गाळताना कापड पितं. टाकी आता काही केल्या भरेना. हे गोंदियाला खेपा घालून यायचे, हात हलवत. मामाजी ते बाजेवरून पाहात होते.

पुन्हा परीक्षेचा दिवस ठरला. सकाळी यांनी टाकीचं झाकण उघडून पाहिलं आणि चकित झाले. टाकी काठोकाठ होती. यांना वाटलं, आपलाच अंदाज चुकला. आत्याबाई पाटावर बसल्या. शेपटी खड्ड्यात, नाक वर. यांनी तोटी फिरवली.

धार आली, पण ती लालसर होती. आणि तिच्याबरोबर मांडवात एक असा वास पसरला की गोठ्यातल्या बैलांनीसुद्धा माना वळवल्या. चैतात पहाटे मोहाच्या झाडाखालून गेलं की येतो तो वास, पण दहापट. धार जाड होती, मग बारीक झाली, सांध्यावरून थेंब गळायला लागले, तोटीजवळची माझी लाख गुळासारखी पाझरून नळीत अडकली आणि धार तुटली. थेंबही थांबले.

यांनी नळीच्या तोंडाला बोट लावलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं. मग हळूहळू मान वळवून बाजेकडे पाहिलं.

मामाजी छपराकडे पाहात होते.

“बाबूजी, टाकीत का टाकलं?”

“काही नाही. कमी होतं, म्हनून जरासं.”

“का जरासं?”

“पहिल्या धारेची,” मामाजी म्हणाले. “परवाच ओतली. अस्सल आहे रे, मी चुलीत टाकून पाह्यली. भक्कन पेटली. चुलीत पेटते त तुह्या इंजिनात कायले नाही पेटनार?”

दारूने लाख विरघळते हे लाखेच्या मुलखात कुणाला ठाऊक नसेल असं नाही, पण टाकीच्या सांध्यांत लाख आहे हे मामाजींना कुठे ठाऊक होतं? आपल्या लेकराची टाकी भरलेली दिसावी म्हणून त्या माणसाने आपल्या लपवून ठेवलेल्या सगळ्या बाटल्या ओतल्या होत्या. आत्याबाईंना त्या बाटल्यांचा पत्ता इतकी वर्षं लागला नव्हता. आता लागला. त्या मामाजींकडे असं पाहू लागल्या की मला वाटलं विमान राहिलं बाजूला, आधी मामाजीच उडणार.

हे खड्ड्याच्या काठावर बसले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. हसता हसता म्हणाले, “माय, पहिल्या धारेचीच होती, तरी तुटली.” मग मामाजी हसले, मग मी खांबाआडून, आणि शेवटी आत्याबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण त्यांनी निकाल बदलला नाही. तुटली म्हणजे तुटली.

मी परत सगळी लाख खरवडून काढली, परत लावली. मामाजींनी कुठून कुणाच्या पाया पडून पेट्रोल आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. डबे खऱ्या पेट्रोलचे होते, आम्ही दोघांनी वास घेऊन खात्री केली. यावेळी मी पेट्रोल फार वेळ गाळत बसले नाही. हे शेवटचं, असं आतून कळत होतं, आणि कळलेली गोष्ट लांबवण्यात अर्थ नसतो.

त्या दिवशी ऊन कोवळं होतं. आत्याबाई अंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून आल्या आणि बसल्या. यांनी तोटी फिरवली. धार आली, पांढरीस्वच्छ. पत्र्यावर वाजली, पाण्यात वाजावी तशी खोल वाजली. पहिला पिपा भरला, यांनी धार न थांबवता दुसरा सरकवला. खळ्यावर मळणीचे बैल गोल फिरत होते, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, आणि त्या घंटांवरून ती धार सलग चालली होती. मी आत्याबाईंकडे पाहात होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला बाईमाणूस म्हणून कळत होतं. धार तुटावी असं त्यांना वाटत होतं. एकुलता एक मुलगा, आणि हे सगळं कापडाचं. पण डोळे त्यांनी मिटले नाहीत, आणि डोळ्यांनी जे पाहिलं तेच तोंडाने बोलल्या.

टाकी रिकामी झाली. शेवटचा थेंब पडला.

“नाही तुटली,” आत्याबाई म्हणाल्या. “जाऊन ये.”

आणि त्या पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते. कितीतरी वेळ पुसत होत्या.

संक्रांतीचे तीळ मी निवडून ठेवले होते. संक्रांत यायच्या आधी सरकारचा हुकूम आला. घरी बांधलेलं असो की विकत घेतलेलं, कुणाचंही खाजगी यंत्र आता वर जाणार नाही. पाठोपाठ बिरसीकडचं माळरान मोजायला माणसं आली, तिथे खुंट्या ठोकल्या, आणि ज्या माळावर हे सारसासारखे धावणार होते तिथे लढाईसाठी विमानतळ व्हायला लागला. कोण आलं, काय बोलणं झालं, यांनी कुठे कुठे अर्ज केले, ते मला नीट आठवत नाही. मला फक्त यांनी आपल्या हाताने पंख उतरवले ते आठवतं. पाना फिरवल्याचा आवाज आठवतो. मी दुसरं टोक धरायला पुढे झाले, तर म्हणाले, “राहू दे. एकट्यानं होते.”

त्या दिवसापासून आम्ही दिवसा बोलायचं थांबलो. रीत होतीच, तिच्यात परत जाऊन बसलो.

इंजिनाची गिरणी झाली. जे आकाशात फिरणार होतं ते एका जागी बसून गावाचं धान भरडू लागलं, रॉकेल पिऊन. धान पांढरं निघायचं, लोक खूश होते. गिरणी चालली म्हणून घर चाललं, पुढे मालगुजारी बंद होऊन जमीन गेल्यावरही चाललं, हे मी विसरत नाही. कोशाच्या कापडातली खळ धुवून काढली आणि आत्याबाईंनी त्याचं दुपटं शिवलं. आमचा थोरला त्यात निजला, मग धाकटा. ते दुपटं कितीही धुतलं तरी पावसाळी हवेत त्याला पेट्रोलचा वास यायचा. मी पोराला पाजताना नाक त्यात खुपसून बसायची.

डोक्यावरून विमानं जाऊ लागली. आधी लढाईची, मोठी, काळी. गाव अंगणात येऊन बघायचं. मग लढाई संपली, छावणी उठली, धावपट्टीवर गुरं चरू लागली. इंग्रज गेले तेव्हा त्या ओसाड धावपट्टीवर पोरं झेंडे घेऊन धावली, लांबच लांब, एवढी सपाट जमीन त्यांनी कधी पाहिली नव्हती. यांनी त्या बाजूला कधी पाऊल टाकलं नाही. विमानाचा आवाज आला तरी वर पाहायचे नाहीत. गिरणीच्या घरघरीत त्यांना ऐकू येत नाही असं लोकांना वाटे. मला माहीत होतं. आवाज यायच्या आधीच त्यांचा हात पट्ट्यावर थांबायचा.

माणूस वाईट नव्हता हो. कधी हात उचलला नाही, कधी ताटावरून उठला नाही. पण भर दुपारी लाख गार करायला फुंकर घालणारा जो होता, तो त्या हिवाळ्यात गेला. मी म्हातारी होईपर्यंत त्याची वाट पाहिली. दुसऱ्या कुणाची नाही, त्याच घरात राहणाऱ्या माणसाची. हे सांगायला लाज वाटायचं वय आता राहिलं नाही.

नातू अजून उभा आहे. तोटीचं काय करायचं ते त्याला कळायला हवं आहे. बिरसीकडून एक लहान विमान उठलं आहे, आता तिथे मुलं-मुली उडायला शिकतात. नाक वर, शेपूट खाली, असं ते माझ्या डोक्यावरून चढत जातं, आणि मी खुर्चीतून त्याच्या आवाजाकडे कान लावते. आवाज सलग आहे. मी तोटी तोंडाला लावून फुंकते. मोकळी आहे.

“ठेव,” मी नातवाला म्हणते. “भंगारात नाही.”

तो हसतो. त्याच्या आजोबांना त्याने शेवटी शेवटी पाहिलं आहे, गोंदियाच्या दवाखान्यात. तेव्हा यांना माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी परिचारिकेने खाटेचा डोक्याकडचा भाग वर केला, उशाशी बाटली टांगली, नळी हाताला लावली आणि नळीवरची बारीक चकती फिरवली. यांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांनी ते वर पाहात होते. बाटली वर, आपण खाली.

“शेपूट खड्ड्यात उतरवलं?” यांनी विचारलं. स्पष्ट.

परिचारिका माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, “उतरवलं.”

“माय आली काय?”

मी उठून त्यांच्या समोर जाऊन बसले, त्यांना दिसेन अशी. बाटलीतलं पाणी नळीत टपटपत होतं, एक थेंब, मग थांबून दुसरा. ते तसंच यायचं असतं म्हणे. यांचे डोळे त्या थेंबांवर होते आणि त्या डोळ्यांत तोच होता, खड्ड्याच्या काठावर बसून हसणारा. मी त्याला लगेच ओळखलं.

“थेंब थेंब येऊन राह्यलं,” ते म्हणाले. “धार तुटली काय?”

आत्याबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्यावर ती वेळ आली नाही.

“नाही तुटली,” मी म्हटलं. “जाऊन या.”

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी कितीतरी वेळ पदराला हात पुसत बसले होते.